खिडकी तिकडे नव्हती

भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. नोकरी कुठे, गाव कोणतं, मासे-मटण शिजवता का, हे सगळं एजंटने आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं आणि त्यात त्यांना काडीचाही रस नव्हता. ते त्या रिकाम्या घरातही जाड तळव्याच्या चपला घालून उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही घरात अनवाणी चालता?"

"हो. म्हणजे, सगळेच चालतात."

"आमच्याकडे वर येताना मात्र चपला काढायच्या नाहीत. नंतर तक्रार चालणार नाही."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं आहे. नवरा एजंटकडे बघत होता आणि एजंट पंख्याकडे. पण वसई पश्चिमेला, बाजारापासून जवळ, आमच्या दोघांच्या पगारात हवेशीर घर मिळत होतं, म्हणून आम्ही हो म्हटलं. चपलांचा उलगडा पुढच्याच आठवड्यात झाला. करारनाम्यावर सही करायला वर गेले, सवयीने दाराशी चपला काढल्या आणि दुसऱ्याच पावलाला असं काही टोचलं की तोंडातून शिवी गेली. पायाखाली नखाएवढी लाल प्लास्टिकची वीट होती. मालकांनी ती उचलली, उजेडात धरून उलटसुलट केली आणि म्हणाले, "वाचली." माझ्या पायाची चौकशी त्यांनी केली नाही.

लहान मुलं एकमेकींत अडकवून मोटारी नि घरं बनवतात, त्या विटा. मालकांचा अख्खा हॉल त्यांनी भरलेला होता. फरसाणच्या बरण्या, आइस्क्रीमचे डबे, औषधाच्या दुकानातले रिकामे ट्रे, सगळ्यांत विटा. कपाटांवर छतापर्यंत परदेशी खोकी रचलेली, न उघडलेली. त्यांच्यावर किल्ले, जहाजं, दीपगृहं यांची रंगीत चित्रं. मधोमध जेवणाचं टेबल, आणि ते जेवणासाठी नव्हतं. जेवण स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून होत असे. या हॉलला ते हॉल म्हणत नसत. 'साइट' म्हणत. माणूस आयुष्यभर फोर्टातल्या एका विमा कचेरीत बसून दाव्यांचे कागद तपासत आलेला, पण निवृत्त झाल्यापासून बोलायचे मात्र मुकादमासारखे. फोन आला तर "आत्ता साइटवर आहे, नंतर करा," म्हणून ठेवून देत. फोन घरच्याच लँडलाइनवर आलेला असे.

त्यांच्यासमोर 'खेळणी' हा शब्द काढायची सोय नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा जिन्यात विचारलं, "काय काका, कसा चाललाय खेळ?" तर त्यांनी पुढे कित्येक महिने त्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. विटा बहुतेक जुन्याच घेत. नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्यांकडे त्यांची वर्दी लावलेली होती. कुणाची मुलं मोठी झाली, घर बदललं, की पिशवीभर विटा त्यांच्यासाठी बाजूला पडत. पिशवी आली की बादलीत कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश, आणि एकेक वीट घासून बाल्कनीत वर्तमानपत्रावर वाळत. मग परीक्षा. दोन विटा कानाशी धरून एकमेकींवर दाबायच्या. 'टक' असा आवाज आला तर खरी. आवाज आला नाही तर नकली, आणि नकली वीट तत्क्षणी कचऱ्यात.

"पकड, मॅडम, पकड," ते मला सांगत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते, त्यामुळे त्यांच्या लेखी मी पहिल्या दिवसापासून मॅडम. "सगळी गंमत पकडीत आहे. धरून ठेवते, आणि सोडवायची म्हटलं की सोडतेही. डिंक लावला की संपलं. मग ती नुसती वस्तू."

एकदा दिवाळीच्या आधी कामवाल्या बाईंनी चांगुलपणाने बादलीभर विटांवर उकळतं पाणी ओतलं. दिसायला त्या होत्या तशाच, उलट जास्तच चकचकीत. पण एक वीट दुसरीवर बसेल तर शपथ. मालक बाईंना एका शब्दाने बोलले नाहीत. दोन दिवस नीट जेवले नाहीत, आणि त्या विटा एका डब्यात भरून वर कागद चिकटवला: 'गेलेल्या'. मी तो डबा बघून हसले होते. तेव्हा मला त्यांच्या सगळ्याच गोष्टींचं हसू येई.

टेबलावर मात्र किल्ला नव्हता आणि जहाजही नव्हतं. तिथे एक कौलारू घर होतं. हिरव्या पाटीवर उभं केलेलं, पुढे ओटी, मागे पडवी, बाजूला गोल विहीर, केळीची चार झाडं. कौलांचा तो विटकरी-तपकिरी रंग फार दुर्मिळ, असं त्यांच्याकडूनच कळलं. तेवढ्या उतरत्या विटांसाठी ते ती न उघडलेली परदेशी खोकी एकेक करून मोडीत काढत. बोरिवलीहून एक आयटीवाला यायचा, याच नादाचा. तो एक खोकं घेऊन जाई आणि त्याच्या बदल्यात मूठभर कौलं ठेवून जाई. जाताना मला म्हणायचा, "सर वेडे आहेत. हा सेट आज मिळत पण नाही. पॅक्ड पीस आहे, यार." आणि आनंदाने जिना उतरायचा.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण मालकांबद्दल जे काही आहे ते त्यांच्यापाशीच येऊन थांबतं.

काकू नवऱ्याशी बोलत नसत. भांडण, आदळआपट असं काही नाही, बोलणंच नाही. सांगायचं असेल ते त्या तिसऱ्यालाच सांगत. मी असले तर मला, "यांना विचार, औषध घेतलं का." कुणी नसेल तर भिंतीला, टीव्हीला, कुकरला. मी जिन्यातून जाताना कितीदा ऐकलंय, आत फक्त दोघं, आणि काकू कुणाला तरी सांगताहेत, "डबा भरून ठेवलाय म्हणावं." मालक मात्र त्यांच्याशी सरळ बोलत. "अगं, पाऊस येणार वाटतं." उत्तर नाही. "अगं, भाजी छान झालीये." उत्तर नाही. तरी रोज बोलत.

आणि मग एका रविवारी मी वर वाटी परत करायला गेले होते. मालक टेबलाशी वाकून घराच्या भिंतीत खिडकी बसवत होते. काकू चहा घेऊन आल्या, कप ठेवला, आणि ठेवता ठेवता थांबल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून, सरळ, त्यांनाच म्हणाल्या, "ती खिडकी तिकडे नव्हती."

"मग?" मालक म्हणाले.

"इकडे." काकूंनी बोटाने दाखवलं. "शाळेतून आले की आई तिथूनच हात बाहेर काढून केळं द्यायची. आत गेले तर कामाला लावील म्हणून मी बाहेरच उभ्याने खायचे. तिकडे कशी असेल?"

"असं होय," मालक म्हणाले, आणि खिडकी काढून तिथे बसवली. काकू ती बसेपर्यंत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. मी मालकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मलाच अवघडल्यासारखं झालं, आणि मी वाटी ठेवून निघून आले.

काकू आमच्या घरात कधी आल्या नाहीत. आंबोळ्या, उकडीचे मोदक, वाल, काहीही द्यायचं असलं तरी उंबऱ्याबाहेरून हात पुढे करत. "या ना आत," मी म्हणायचे. "नको गं, गॅसवर ठेवलंय." दर वेळी गॅसवर काहीतरी असायचंच. हे शिवाशिवीचं काही आहे की काय, असा माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मला माणसांचा राग पटकन येतो आणि उशिरा जातो. एक दिवस मी दारातच विचारलं, "काकू, आमच्या घरात यायला काही अडचण आहे का?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. फरशी, ओटा, खिडकीचे गज. मग म्हणाल्या, "तुझ्यामुळे नाही गं. हे घर आमच्या भुईगावच्या घराचं आहे. वाडी विकली, त्यात हे दोन ब्लॉक आले. वरचा आणि हा. वर राहावंच लागतं. इथे यायचं तरी कशाला?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, दारात उभ्याउभ्याच. त्या आईवडिलांच्या एकुलत्या. भुईगावला वाडी, केळी, विहीर, मधे कौलारू घर. आईवडील गेल्यावर ते घर बंदच असायचं, पण काकू महिन्यातून एकदा जाऊन झाडून यायच्या. मालक तेव्हा नोकरीत. दलालाने घाई केली, भाव चांगला आला, घर गळत होतं, आणि मालकांना वाटलं की हीच वेळ. काकूंना म्हणाले, सही कर, घर काही लगेच पाडत नाहीत, आपण जाऊन सामान घेऊन येऊ. काकूंनी सही केली. पुढच्या रविवारी त्या आईची देवाची पितळी पेटी आणायला निघाल्या, तर मालक म्हणाले, "ती मी आणून ठेवलीये." घर आदल्याच दिवशी पाडलेलं होतं. मालकांना ते माहीत होतं. तिला रडू येईल, पाडताना बघवणार नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

"वाईट मनाने नाही केलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "पण मला शेवटचं बघायचं होतं."

घराचा फोटोही नाही. लग्नातले आहेत, पण त्यांत मांडवाचं कापड आणि झालरी, घर मागे कुठेतरी झाकलेलं. आपल्याच घराचा फोटो कोण काढून ठेवतं, असं काकू म्हणाल्या, आणि या वेळी गॅसवर खरंच काहीतरी करपल्याचा वास आला.

त्या दिवसापासून मला मालकांचा राग यायला लागला आणि तो राग मी मनापासून पोसला. जिन्यात भेटले तर मान हलवून पुढे. पण वर जाणं सुटत नव्हतं, कारण ते घर. संध्याकाळी लॅबमधून आले की पाय आपोआप वर वळत. मालक एकेक वीट लावत, काकू येता-जाता एखादं वाक्य टाकत. "ओटीला दोनच पायऱ्या होत्या." "केळी विहिरीला इतक्या लागून नव्हत्या, बादली अडकायची." "पडवीत उजेड नसायचा, तुम्ही भोकं ठेवलीत." प्रत्येक वाक्य थेट नवऱ्याला. दिवसाकाठी एखादं, फार तर दोन. पण थेट. मला वाटे, चला, हा माणूस निदान प्रायश्चित्त तरी घेतोय. तिचं माहेर तिला परत बांधून देतोय.

फक्त ते घर पुरं होत नव्हतं. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. बोरिवलीच्या आयटीवाल्याच्या मंडळींनी ठाण्याला प्रदर्शन ठरवलं आणि मालकांचं घर मधोमध ठेवायचं, असं ठरलं. "सर, कौलारू घर कुणीच केलेलं नाहीये, एकदम हटके आहे," असं तो म्हणाला. मालक हो म्हणाले, तारीख जवळ आली, आणि एका भिंतीचं काम काही केल्या संपेना. तो न्यायला आला तेव्हा ओटी उखडलेली होती. "सर, परवा तर झालं होतं," तो म्हणाला. "झालं नव्हतं," मालक म्हणाले. तो रिकामा परत गेला, आणि खोक्यांसाठी येणंही त्याने हळूहळू बंद केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला कळलं. दुपारी सुट्टी होती, काकू बाजारात गेल्या होत्या, मी वर गेले तर दार उघडंच. मालक टेबलाशी होते. आदल्या संध्याकाळी काकूंनी सांगून जी खिडकी नीट करून घेतली होती ती त्यांनी नखाने उचकटून काढली आणि शांतपणे दुसऱ्या भिंतीत बसवली. मग पाटी हाताने गर्रकन फिरवली, उजेडाच्या बाजूला.

"काका, हे काय?"

ते दचकले, पण लपवलं नाही. "बसा मॅडम."

"काल काकूंनी सांगितलं ना खिडकी कुठे ते? तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं की. मला पाठ आहे. किती वर्षं झाली सांगतेय." चष्मा काढून ते सदऱ्याला पुसत बसले. "बरोबर ठेवली तर ती बघते आणि आत जाते. चुकीची ठेवली की बोलते. तेवढ्यापुरती बोलते हो. माझ्याशी."

राग धरून ठेवायची माझी चांगली तयारी होती, पण त्या क्षणी तो जागेवर राहिला नाही. मी एवढंच म्हणाले, "काका, हे बरं नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मग घर पुरं करू? पुरं झालं की ती काय बोलणार?"

मी काकूंना काही सांगितलं नाही, कारण त्या बाजारातून आल्या, पिशवी ठेवली, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, परत तिकडे लावलीत का? इकडे." आणि तसं म्हणताना त्या किंचित हसल्या. माझ्यासमोर त्या नवऱ्याकडे बघून हसल्याचं ते एकदाच. त्या हसण्यावर मी गप्प बसले.

असं बराच काळ चाललं. खिडकी तिकडे, खिडकी इकडे. पायऱ्या दोन, पायऱ्या चार. विहीर डावीकडे, विहीर उजवीकडे. पाटी फिरत राहायची, कधी उजेडाकडे, कधी पंख्याखाली. काकूंचं वाक्य आखूड होत गेलं. आधी केळं, आई, शाळा असं सगळं त्यात असे. मग नुसतं "तिकडे नव्हती." मग नुसतं बोट. मला ते जाणवत होतं की नाही, नक्की सांगता येत नाही. त्यांना वयानुसार बोलायचा कंटाळा येत असेल, असं वाटलं असेल.

मेमधली एक संध्याकाळ. मालकांनी मला खालून हाक मारून बोलावलं, हे कधी होत नसे. वर गेले तर ते टेबलाशी उभे, घामाघूम. "बघा," हळू आवाजात म्हणाले. "आठवडा झाला. काही बोलत नाही."

मी घर पाहिलं आणि हबकले. खिडकी तिसऱ्याच भिंतीत. ओटी मागे, पडवी पुढे. विहीर घराच्या दाराशी, म्हणजे पाय टाकला की आत. लहान मुलालाही कळावं इतकं चुकीचं घर त्यांनी लावून ठेवलं होतं, रोज एक चूक वाढवत, आणि काकू रोज चहा ठेवून आत जात होत्या.

काकू चहा घेऊन आल्या. दोन कप, एक माझा. ठेवले. मालकांना राहवलं नाही. "अगं, बघ ना जरा. खिडकी बरोबर आहे का?"

काकूंनी बघितलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या टेबलाशी बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. घराला हात लावला, पाटी एकदा पूर्ण फिरवली, सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"असेल," त्या म्हणाल्या. "मला नाही आठवत."

"असं कसं? तुझी आई केळं द्यायची..."

"हो, द्यायची. हात दिसतो मला. पण कुठल्या भिंतीतनं यायचा, ते नाही दिसत." त्या सरळ नवऱ्याकडे बघून बोलत होत्या आणि आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही रोज हलवायचात, मी रोज सांगायचे. कधी हे खरं, कधी ते. आता डोळे मिटले तरी हेच समोर येतं, हे प्लास्टिकचं. ओटीवर बसलेली दिसते मी, तर ओटीला ही बटणं." विटांवरच्या गोल उंचवट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "घर विकलंत तेव्हा म्हटलं, जाऊ दे, डोळ्यांपुढे तर आहे. रात्री डोळे मिटून रोज एक फेरी मारून यायचे मी. ओटीवरनं आत, देवघर, पडवी, विहीर. तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता दारच सापडत नाही."

लग्नानंतर नवऱ्याशी त्या एका वेळी इतकं कधी बोलल्या असतील, मला माहीत नाही. मालक उभेच होते. काकूंनी चहाचे कप उचलले, चहा तसाच होता, आणि आत गेल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्या म्हाताऱ्याची मला दया आली आणि त्याच वेळी त्याच्या दोन मुस्कटात द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. "मॅडम, स्कूटर काढता का? भुईगावला जाऊ. हिला सांगू नका."

"तुम्हाला तर पाठ होतं ना, काका?"

"होतं," ते म्हणाले. "काल रात्रभर बसलो. दोन जागा वाटतात. दोन्ही पक्क्या वाटतात."

आम्ही गेलो. वाडीच्या जागी आता सुट्टीला भाड्याने द्यायचे बंगले आहेत, पोहायची निळ्या पाण्याची टाकी, फाटकाशी वॉचमन. विहीर बुजवलेली. केळीचं एक पानही नाही. त्या बंगल्यांच्या कुंपणाला लागून एक जुनं घर अजून उभं होतं, दारावर क्रूस, अंगणात सुकत घातलेली मिरची. तिथली म्हातारी काकूंच्या आईची शेजारीण. मालकांनी स्वतःची ओळख दिली, "मी तुमच्या शेजारचा जावई," आणि विचारलं, घराची खिडकी कुठल्या बाजूला होती.

"खिडकी?" म्हातारीने आम्हा दोघांना नीट बघून घेतलं. "मना काय ठावं बाबा. आमी मागल्या दारानं जायाचो, पानी न्यायाला. खिडकी कोन बघतं?"

"पण तिची आई खिडकीतून हाक मारायची ना?"

"मारायची की. लय गोड बाई. आवाज द्यायची."

"कुठून?"

"घरातनं," म्हातारी म्हणाली. "आनि ती का नाय आली? तिलाच विचारा ना. तिचंच घर."

मी त्यांना चला म्हटलं. बोरिवलीच्या त्या माणसाला रस्त्यातूनच फोन लावला, असल्या कामात त्याचा हात बसलेला. त्याने उपग्रहातून काढलेली जुनी छायाचित्रं शोधून फोनवर पाठवली. झाडांच्या गर्दीत एक तपकिरी ठिपका. छप्पर. मालकांनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत दिला. वरून खिडकी कशी दिसणार?

आम्ही परत आलो. इमारतीच्या खाली स्कूटर लावली तेव्हा म्हणाले, "तुम्ही होतात ना त्या रविवारी, वाटी घेऊन आला होतात. ती काय म्हणाली होती? नेमकं."

मला ते जसंच्या तसं आठवत होतं. "खिडकी तिकडे नव्हती, म्हणाल्या. इकडे, म्हणाल्या."

"इकडे म्हणजे कुठे?"

मी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. काकूंचं बोट दिसत होतं. बोटाच्या पुढची भिंत दिसत नव्हती, आणि पाटी तर त्या दिवशी कुठल्या तोंडाने होती कुणास ठाऊक. मी मान हलवली.

"मग आता कुणालाच नाही," मालक म्हणाले, आणि कठडा धरून जिना चढायला लागले.

पुढच्याच वर्षी आम्ही विरारला स्वतःचं घर घेतलं आणि तिथून निघालो. परवा त्या बाजूला काम होतं म्हणून वर डोकावले. हॉल रिकामा होता, बरण्या नाहीत, ट्रे नाहीत. सगळं बोरिवलीला देऊन टाकलं, म्हणाले. टेबलावर तेवढं घर होतं, आणि ते पुरं होतं. चार भिंती, वर कौलं. दार नाही, खिडकी नाही, ओटी नाही, आजूबाजूला विहीर नाही. सगळीकडून बंद. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "खात्रीचं होतं तेवढं ठेवलं." मग माझ्या नवऱ्याची चौकशी केली, विरारच्या पाण्याची चौकशी केली, नेहमीची माणसं करतात तशी. विटांबद्दल एक शब्द नाही. काकू शेजारीच वाल सोलत बसल्या होत्या, टेबलाकडे पाठ करून. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मालकही बोलले नाहीत.

मी निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. मग दाराबाहेर आल्या आणि मागे दार ओढून घेतलं.

"तू गेली होतीस ना यांच्याबरोबर भुईगावला?" त्यांनी हळूच विचारलं. हे त्यांना कसं कळलं, कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही. "ती म्हातारी भेटली? काय म्हणाली?"

त्यांनी माझा हात धरला होता आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. इतके दिवस त्या हे विचारायची वाट बघत होत्या, हे मला त्या हाताच्या धरण्यावरून कळलं. काहीतरी ठोकून द्यावं, अमुक भिंत म्हणाली असं सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण त्या घरात चुकीच्या खिडक्या पुष्कळ झाल्या होत्या.

"तिलाही नाही आठवत, काकू," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. माझा हात सोडला, आत गेल्या, आणि दार लावून घेतलं.